काचेच्या महालातल्या दोघी

चोलुला, १६ जून

प्रिय लिसांद्रो,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा अडलं, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करणार? फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडतो आणि तू "हो सासरेबुवा, हो सासरेबुवा" म्हणत राहतोस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की माझं एक अक्षरही तुझ्या कानात शिरलेलं नाही. कागदावर तुला मध्येच 'हो' म्हणता येणार नाही. नोएमीला माझ्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले. ती इथूनच कामावर जाते, संध्याकाळी येते, पोपो ज्वालामुखीची राख पडली असेल तर माझ्याबरोबर अंगण झाडते, जेवते आणि तिच्या जुन्या खोलीत जाऊन दार लावते. तुझे निरोप ती उघडतसुद्धा नाही. मी तिला काही विचारलं नाही. पण काल कॉफी पिताना तिने मला विचारलं, "पापा, माझं मोठं कपाट इथे आणलं तर चालेल ना? भिंतीला लागून राहील." अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली बायको चार दिवसांनी परत जाते रे, पण जी कपाट मागवते ती राहायला आलेली असते. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आणि बसलोच आहे तर आधी मनातलं सगळं ओकून टाकतो. तू शाळेत पोरांना शिकवतोस, चांगला शिकवतोस असं ऐकतो. मग एक साधी गोष्ट तुझ्या डोक्यात कशी शिरली नाही? साप हा एकटा राहणारा जीव आहे. त्याला शेजार नको, सोबत नको, गप्पा नकोत. एका पेटीत एक साप! हे मी तुला तुझ्या साखरपुड्याच्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तू माझ्या अंगणात सापांच्या पेट्यांच्या रांगेसमोर उभा राहून म्हणाला होतास, "किती एकटे आहेत हो बिचारे." त्या 'बिचारे'पाशीच मला कळायला हवं होतं. व्हेराक्रूझच्या दोन खोल्यांत नऊ भावंडांत वाढलेला माणूस तू, रात्री कुणाचा पाय अंगावर पडला नाही तर तुला झोप येत नाही, हे तूच सांगतोस. लग्नानंतर तू मलाही म्हणालास की हे घर बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. मी नको म्हटलं तर तुझा चेहरा असा पडला, जसा काही मी तुझ्या आईचा अपमान केला. एकटं राहणं हे तुला दुखणं वाटतं. सापांनाही तू तेच औषध दिलंस.

कानेला नोएमीची कोण होती हे तुला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून एकदा ऐक. तिची आई, माझी एर्नेस्तिना, गेली त्या वर्षी नोएमी सतरा वर्षांची होती. तीन महिने ती हो-नाही पलीकडे बोलली नाही. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायचो आणि संध्याकाळी भात गिळत तिच्यासमोर बसायचो. मग एक दिवस मी कापडी पिशवीतून एक पिल्लू आणलं. मक्याचा साप म्हणतात ती जात, धामणीच्या कुळातली, बिनविषारी, करंगळीएवढी जाड आणि दालचिनीच्या रंगाची. नोएमीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "चावते का?" तीन महिन्यांनंतरचं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी म्हटलं, चावली तरी मांजरापेक्षा कमीच. तिने नाव ठेवलं कानेला. बारा वर्षं तिने तिचं वजन दर महिन्याला वहीत लिहिलं, प्रत्येक कात जपून ठेवली. तुझ्या घरी आली तेव्हा ती एका हातात कानेलाची पेटी घेऊन आली होती आणि दुसऱ्या हातात तुझा हात.

लग्नात मी तुम्हाला पपाया दिली. त्याच जातीचं पिल्लू, जरा जास्त नारिंगी. लेओनच्या एका पैदासवाल्याकडून मागवलेलं, सोबत चिठ्ठी होती, 'मादी'. वेगळी पेटी, वेगळी ऊब, वेगळं पाण्याचं भांडं, सगळं मी बरोबर दिलं होतं. अडीच वर्षं नीट चाललंही होतं. आणि मग या फेब्रुवारीत नोएमीच्या वाढदिवसाला तू तुझा तो महाल बांधलास.

तो महाल चांगला होता, हे मी नाकारत नाही. बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातलं काचेचं कपाट आणून दोन आठवडे खपलास, फांद्या लावल्यास, दगडांचा चढ केलास, पाणी झिरपणारा झरासुद्धा केलास. माणूस असतो तर मीच राहायला गेलो असतो. पण त्यात तू दोघींना एकत्र सोडलंस आणि मला फोटो पाठवलास. कानेला खाली, पपाया तिच्यावर वेटोळं घालून, आणि खाली तुझे शब्द, "बघा सासरेबुवा, पहिल्याच रात्री गळ्यात गळा!" तो फोटो बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्यात गळा म्हणे! अरे, त्या आख्ख्या महालात उबेची पट्टी एकच होती, डाव्या कोपऱ्यात, वीतभर. थंडीत दोघींना तीच जागा हवी होती. जी वर होती तिने ती बळकावली होती आणि खालचीला तिथून हलता येत नव्हतं. सापाला ओरडता येत नाही, पाय आपटता येत नाहीत, दार वाजवता येत नाही. तो गप्प पडून राहतो, आणि तुझ्यासारखी मायाळू माणसं त्याला प्रेम म्हणतात.

मग ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मी तुमच्याकडे आलो. बसमधून उतरलो तोच ठरवून की आज दोघींना वेगळं केल्याशिवाय परत जायचं नाही. तुला आठवत असेल मी काय काय बोललो, शेजारच्या बाईंनाही आठवत असेल. मी म्हटलं, ऊब एक आहे. मी म्हटलं, एकीला कीड लागली की दुसरीला लागलीच समज, त्या टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या किड्यांना काच थोपवत नाही तर मोकळी वाट काय थोपवणार. मी म्हटलं, एकाच उंदरावर दोघींनी तोंड टाकलं तर एक दुसरीला उंदरासकट गिळायला बघेल, आणि सापाला मध्येच थांबता येत नाही. आमच्या साप पाळणाऱ्यांतल्या तिबुर्सियोने असेच दोन गमावले, एक गिळला गेला आणि दुसरा तो गिळून मेला. मी म्हटलं, लहानखुरी नेहमी मोठीच्या धाकात राहते, दिसत नाही पण खंगते. तू माझ्यासमोर पाकातल्या गोड पावाची बशी सरकवलीस आणि म्हणालास, "आधी कापिरोतादा खाऊन घ्या, गार होतोय. साप कुठे पळून चाललेत?" आणि नोएमी हसली. माझी मुलगी, जिने बारा वर्षं वही ठेवली ती, तुझ्या बाजूने हसली. म्हणाली, "पापा, तुम्ही आल्यापासून ओरडताय. दोघी बायका आहेत, राहतील की सांभाळून. तुम्हाला कुणीही कुणाबरोबर राहिलेलं बघवत नाही." मी कापिरोतादा खाल्ला नाही. साडेचारच्या बसने परत आलो.

त्यानंतरचं मला तुझ्याच निरोपांवरून माहीत आहे. एप्रिलच्या शेवटी तू साप पाळणाऱ्यांच्या फोनवरच्या गटात विचारलंस की सकाळी महालात अर्धवट पचलेला उंदीर पडलेला दिसला, काय करू. मी विचारलं, कुणी ओकला? तू लिहिलंस, "ते कसं सांगणार? दोघी अगदी निरागस चेहऱ्याने बसल्यात." आणि बरोबर हसरा चेहरा. लिसांद्रो, वेगळ्या पेट्या असत्या तर ज्या पेटीत ओक ती आजारी, हे लहान पोरालाही कळलं असतं. खाण्याचंही तेच. तू दर आठवड्याला दोन उंदीर आत ठेवायचास, सकाळी बघायचास तर दोन्ही गायब, आणि म्हणायचास, दोघी जेवल्या. कानेलाने महिनाभर अन्नाला तोंड लावलं नव्हतं. दोन्ही उंदीर पपायाच्या पोटात जात होते, आणि एकदा जास्त झाला तो तिने ओकला. पहाटे लवकर कामावर जायचं म्हणून नोएमीने खाऊ घालायचं काम तुझ्यावर सोपवलं होतं. कानेलाचं पोट मात्र गोल दिसत होतं. तुम्ही म्हणालात, बघा, बाळसं धरतेय.

ते बाळसं नव्हतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात नोएमीने तिला वजनासाठी उचललं आणि तिच्या हाताला पोटात एकामागे एक गाठी लागल्या. तिचा फोन आला तसा मीही प्राण्यांच्या दवाखान्यात पोचलो; डॉक्टरबाईंनी क्ष-किरण फोटो काढला, चौदा अंडी. बाराव्या वर्षी पहिल्यांदा धरलेली, आणि घालायला जागा नाही म्हणून अडवून ठेवलेली. अंडी घालणाऱ्या सापिणीला ओल्या शेवाळाने भरलेला एक बंद डबा लागतो, अंधार लागतो, एकांत लागतो. तो तिला कुणी दिला नाही, कारण दोघी माद्या असलेल्या घरात अंड्यांचा विचार कोण करतं? त्या महालात झरा होता, फांद्या होत्या, दोन अंगुळं ओलं शेवाळ नव्हतं. डॉक्टरबाईंनी पोट उघडलं. दोन अंडी आत फुटून सडली होती. बाकीची त्यांनी दिव्यासमोर धरली तर आत लाल रेषा दिसल्या, म्हणजे ती फळलेली होती. म्हणजे पपाया बाई नसून बुवा होता. कानेला शुद्धीवर आली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पैदासवाल्यांकडून अशी चूक होते, पिल्लू लहान असतं. पण दोघांना एकत्र कुणी ठेवलं?" तेव्हा नोएमीने तुझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि तशीच माझ्याबरोबर बसमध्ये बसली.

त्या दिवसापासून माझ्या अंगणात एकच विषय आहे. पहिल्या रविवारी आमची साप पाळणारी मंडळी जमली, नेहमीप्रमाणे पिल्लं घेऊन आली, नर की मादी ते माझ्याकडून बघून घ्यायला. आणि तुझ्या नावाने तो तोफखाना सुटला की काय सांगू. "मास्तर आहे ना, त्याला वाटलं वर्गच भरवायचाय." "लेओनचा तो बदमाष, त्याच्या चिठ्ठीवर आग लागो." मीही बोललो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोललो. नोएमी स्वयंपाकघरात होती, तिला सगळं ऐकू जात होतं. गेल्या गुरुवारी तू दारात आलास, हातात गोड पावाची पिशवी, दाढी वाढलेली. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, ती घरी नाही. ती घरी होती. तू म्हणालास, "सासरेबुवा, मी खरंच त्यांना सुख द्यायला गेलो होतो. तिला एवढं तरी सांगाल?" मी म्हटलं, सुख देण्याची तुझी हौस भागली असेल तर आता निघ. तू पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेलास. मी तिला ना ते सांगितलं, ना पाव दिला. पाव शेजारच्या पोरांना वाटून टाकला.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी इतकी पानं खर्ची घातली. लेओनच्या माणसाने चिठ्ठी दिलीच नव्हती. त्याने पिल्लू पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "डॉन आबुंदियो, नर-मादी मी बघितलेलं नाही, तुमचा अंगठा आहेच." पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने हलकेच दाबलं की नर असेल तर दोन बारीक लाल टोकं बाहेर येतात. चाळीस वर्षं कवळ्या बसवलेला माझा हात, त्यात चूक होत नाही असं अख्खं चोलुला मानतं, आणि सगळ्यांच्या आधी मी मानतो. मी दाबलं. मला काही दिसलं नाही. चष्मा खिशात होता. लोक समोर बसले होते, त्यांच्यादेखत चष्मा लावायची मला लाज वाटली, आणि मी म्हटलं, मादी. मग चिठ्ठीही मीच लिहिली, उगाच छापील अक्षरात, आणि तुम्हाला सांगितलं की ती लेओनहून आली, म्हणजे लग्नाच्या भेटीला जरा वजन येईल. एवढंच असतं तरी माणूस आहे, चुकलो म्हटलं असतं. पण पवित्र आठवड्यात तू कॉफी करायला आत गेलास आणि नोएमी तुला कप काढून द्यायला, तेव्हा मी महालाचं दार सरकवून पपायाला हातात घेतलं. शेपूट लांब, मुळाशी जाड. तीन वर्षांच्या सापाला दाबून बघावंही लागत नाही. मला एका क्षणात कळलं की तो नर आहे, आणि कानेलाला अंडी राहिली असणार. मी त्याला परत आत ठेवलं, दार सरकवलं आणि तुम्ही आल्यावर ओरडायला लागलो. उबेवर ओरडलो, किड्यांवर ओरडलो, उंदरावर ओरडलो, तिबुर्सियोच्या सापांवर ओरडलो. माझं प्रत्येक कारण खरं होतं, आणि जे एक सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर चिठ्ठी कुणाची ते विचारलं गेलं असतं. "पपाया नर आहे," हे तीन शब्द. ते ऐकून नोएमी हसली नसती. त्याच संध्याकाळी ओल्या शेवाळाचा डबा महालात गेला असता आणि दुसऱ्या दिवशी कानेला डॉक्टरबाईंकडे. तू एकत्र ठेवलंस म्हणून मी अजूनही तुझ्यावर चिडलेला आहे आणि चिडलेलाच राहीन, ती तुझी चूक तू तुझ्यापाशी ठेव. पण कानेला मेली ती माझ्या तोंडाला कुलूप होतं म्हणून. आणि एकोणीस दिवस माझी मुलगी तुझ्यावर रागावून माझ्या घरात राहते आहे, मला दोन वेळचं गरम जेवायला मिळतं, संध्याकाळी अंगणात कुणाच्या तरी पावलांचा आवाज असतो, आणि त्या सुखासाठी मी तुला दारातून घालवलं. माझी मला किळस येते रे.

हे तिला तोंडावर सांगायचा मी तीन वेळा प्रयत्न केला. काल कपाटाचं विचारलं तेव्हाही. तोंड उघडलं की मी ओरडायलाच लागतो, आणि तेही दुसऱ्याच कशावर तरी. म्हणून हे तुझ्या नावाने लिहिलं. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. आज जेवण झालं की ते नोएमीच्या हातात देईन आणि सांगेन, एवढं लिसांद्रोला नेऊन दे. पाकीट मी चिकटवलेलं नाही. उघडं पाकीट न वाचता पुढे देणाऱ्यांतली ती नाही, हे तुलाही माहीत आहे, आणि मला तेच हवं आहे. वाचल्यावर ती माझं तोंड बघेल की नाही ते मला सांगता येत नाही. बघितलं नाही तर तो तिचा हक्क आहे, तू मध्ये पडून तिला समजवायला जाऊ नकोस. तू हे वाचतो आहेस म्हणजे ते घेऊन येणारी तुझ्या दारात उभी आहे. कागद ठेव आणि आधी तिला आत घे.

तुझाच म्हणायला सध्या लाजणारा,
आबुंदियो